अ‍ॅम्पला पैसे घालण्याआधी

अगं, प्लेनर हेडफोन घेतलास ते छानच केलंस. त्यातून हायफायमॅनचा सुंदारा, म्हणजे मी डोळे मिटून सुचवला असता असा. पण ‘याला पाच वॅटचा अ‍ॅम्प लागणारच, नाहीतर हेडफोन उपाशी राहील’ असं सांगून दुकानदाराने तुझ्या जिवाला जो घोर लावलाय, तो आधी काढून टाक. घाईने काही घेऊ नकोस. कागद-पेन्सिल घेऊन बस, मी सांगते ते शांतपणे ऐक.

प्लेनरला जास्त वीज लागते हे खोटं नाही. साध्या हेडफोनमध्ये तारेचं वेटोळं चुंबकाच्या अरुंद फटीत बसतं, म्हणून थोड्या करंटमध्ये भरपूर जोर मिळतो. प्लेनरमध्ये वेटोळं नसतंच. मोठ्या, अतिशय पातळ पडद्यावर धातूची सपाट नागमोडी रेघ असते आणि पडद्याला लागून चुंबकाच्या पट्ट्या. चुंबकाचं बळ पसरट जागेत वाटलं जातं, त्यामुळे तेवढ्याच आवाजाला करंट जास्त लागतो. त्या बदल्यात अख्खा पडदा एकसारखा हलतो आणि आपण ज्याच्यासाठी जीव टाकतो तो स्वच्छ खर्ज मिळतो.

पण जास्त म्हणजे किती? हे कोणी सांगत नाही आणि सगळी गफलत तिथेच होते. खोक्यावर दोन आकडे असतात, ओहम आणि संवेदनशीलता. तुझा सुंदारा ३७ ओहमचा आणि ९४ डेसिबलचा. म्हणजे एक मिलिवॅट दिला की ९४ डेसिबल आवाज. पुढचा हिशोब शाळेतला आहे. ३ डेसिबल वाढवायचे तर वीज दुप्पट लागते, १० वाढवायचे तर दहापट, २० वाढवायचे तर शंभरपट. गाण्यातल्या सर्वांत जोरकस क्षणाला ११० डेसिबल धर. सुंदाराला १६ डेसिबल वर जायचंय, म्हणजे साधारण ४० मिलिवॅट लागतील. व्होल्टमध्ये सव्वाच्या आसपास. झालं! पाच वॅट म्हणजे याच्या सव्वाशेपट. दोन माणसांच्या घरात लग्नाचं पातेलं कशाला चढवायचं?

आता दुकानदार सांगत होता तसा खरा खादाड कोण, तेही ऐक. त्याच कंपनीचा सुस्वारा ६० ओहम आणि ८३ डेसिबलचा आहे. त्याला त्याच ११० साठी अर्धा वॅट आणि साडेपाच व्होल्ट लागतात. जुना एचई-६ त्याच्याच पंगतीतला, त्याला लोक चक्क स्पीकरचे अ‍ॅम्प जोडत. आणि ऑडेझीचा एलसीडी-एक्स? तोही प्लेनरच, पण २० ओहम, १०३ डेसिबल. त्याचं पाच मिलिवॅटमध्ये भागतं. एकाच जातीच्या दोन हेडफोनांत शंभरपट फरक आहे, म्हणून ‘प्लेनर आहे ना, मग मोठाच अ‍ॅम्प घे’ हा सल्ला मला मुळीच पटत नाही.

एका गोष्टीला मात्र जप. काही कंपन्या संवेदनशीलता एका मिलिवॅटला देतात, काही एका व्होल्टला. ५० ओहमच्या हेडफोनला या दोन आकड्यांत १३ डेसिबलचा फरक पडतो. एकाच मापात आणल्याशिवाय तुलना करू नकोस.

मग फोनचं ते बोटभर डोंगल पुरेल का? तुझ्या बाबतीत जवळजवळ पुरेल. एक व्होल्ट देणारं डोंगल सुंदाराला १०८ पर्यंत नेतं. पण तू ऐकतेस किशोरीताईंच्या, कुमारजींच्या मैफली. त्यात तानपुरा नीट ऐकू यावा म्हणून आलापाला तू आवाज वाढवणार, आणि मग समेवर डग्ग्याची थाप पडते. ती क्षणभराची थाप सरासरीच्या पंधरा-वीस डेसिबल वर जाते. अ‍ॅम्पकडे शिल्लक नसेल तर तिचा घुमार कापला जातो, उरतो नुसता कोरडा टक्. शिवाय इक्वलायझरने खर्ज ६ डेसिबल उचललास की तिथे चौपट वीज लागते. या दोन कारणांसाठी छोटा पण खरा अ‍ॅम्प घ्यावा, असं माझं मत आहे. ३२ ओहमला एक वॅट देणारा तुला भरपूर होईल. जेडीएस लॅब्सचा अ‍ॅटम याच मापाचा आहे. जाहिरातीत ‘१६ ओहमला इतके वॅट’ असा मोठा आकडा दिसला तर भुलू नकोस, तुझ्या ओहमच्या जवळचा आकडा शोध.

ट्यूबच्या अ‍ॅम्पचा तो केशरी उजेड तुला भुरळ घालणार, मला ठाऊक आहे. पण आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेले, ओटीएल म्हणतात ते, तुझ्यासाठी नाहीत. ते सेनहायझर एचडी ६०० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला शोभतात. ३७ ओहमला करंट देताना त्यांना धाप लागते. आणि प्लेनरचे ओहम खर्जापासून तारापर्यंत जवळजवळ सारखेच राहतात, त्यामुळे अ‍ॅम्प बदलून त्याचा स्वभाव बदलेल अशी आशा धरू नकोस. सूर बदलायचा असेल तर इक्वलायझर वापर, तो फुकट आहे.

बॅलन्स्ड जोडणीने, म्हणजे डाव्या-उजव्या कानाच्या ऋण तारा वेगळ्या ठेवणाऱ्या जोडणीने, बहुतेक अ‍ॅम्पमध्ये व्होल्ट जवळपास दुप्पट मिळतात. सुस्वारावाल्याला ते हवेत, तुला त्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही. घेतलाच तसा अ‍ॅम्प, तर बॅलन्स्ड आउटपुटला साध्या जॅकचा अडॅप्टर कधीही लावू नकोस. डाव्या-उजव्या बाजूच्या ऋण तारा एकमेकींना भिडतात आणि अ‍ॅम्प जळू शकतो.

दुकानात दोन अ‍ॅम्प ऐकताना आवाज आधी सारखा करून घे. जरासा मोठा वाजणारा नेहमी चांगला वाटतो, आणि हे विकणाऱ्यांना पक्कं माहीत असतं. गेन, म्हणजे अ‍ॅम्प आवाज किती पटीने वाढवतो तो खटका, आधी कमीवर ठेव. आवाजाचं बटण घड्याळाच्या दहा ते दोनच्या मधे फिरत असेल तर ठीक. अगदी सुरुवातीलाच आवाज मोठा झाला, तर तिथे डावा-उजवा कान बरेचदा सारखा वाजत नाही.

आणि हे मोठी बहीण म्हणून सांगते. ११० हा क्षणाचा आकडा आहे, तासाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास चालतं, ९० वर फक्त ४ तास. अ‍ॅम्पकडे शिल्लक ठेवायची ती थापेसाठी, कान सोलून काढायला नाही.

आता राहिलं एकच. अमेरिकेहून कोणाकडून अ‍ॅम्प मागवणार असशील तर तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. बऱ्याच छोट्या अ‍ॅम्पना भिंतीतला जड अडॅप्टर असतो आणि तो तिथल्याच विजेचा निघतो. आपल्याकडे लावलास की जळालाच म्हणून समज. २३० व्होल्टचा अडॅप्टर सोबत मिळेल, हे लेखी विचारून घेतल्याशिवाय पैसे भरू नकोस.