पडून पडून आणखी किती पडणार?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत नोकरीला आहे. त्याने तिथल्या एका छोट्या डिजिटल हेल्थ कंपनीबद्दल सांगितलं. मोबाइलवरचं ॲप हेच त्यांचं औषध. एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध खात्याची मान्यता मिळालेली आहे, डॉक्टर चिठ्ठीवर ते लिहून देतात. दहा डॉलरला बाजारात आलेला शेअर आज एका डॉलरच्या खाली मिळतो. माल चांगला, मान्यता पक्की, भाव मातीमोल. आता पडून पडून आणखी किती पडणार? मी सेवानिवृत्त शिक्षक आहे. फंडातले थोडे पैसे मोकळे आहेत. घ्यावेत का? – एक वाचक, सांगली

उत्तर : सर, तुमच्या पत्रात दोन वेगळ्या शंका एकमेकींत गुंतल्या आहेत. औषध चांगलं असताना शेअर का पडतो, ही एक. इतका पडलेला शेअर आणखी किती पडेल, ही दुसरी. दुसरी लवकर सुटते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू.

दहाचा शेअर एकावर आला, म्हणजे नव्वद टक्के पडला. एकाचा दहा सेंटवर आला, तरी पुन्हा नव्वद टक्केच पडला. दहाला घेणाऱ्याचे हजारातले नऊशे गेले आणि ‘आता तळ आला’ म्हणून एकाला घेणाऱ्याचेही हजारातले नऊशेच गेले. आधी किती पडझड झाली, याचा तुमच्या हजार रुपयांशी काही संबंध नाही. तुमच्यासाठी घसरण तुमच्या खरेदीच्या भावापासून सुरू होते आणि तिथून शून्यापर्यंत शंभर टक्के वाट मोकळीच असते. ‘एका डॉलरच्या खाली’ हेही स्वस्ताईचं माप नाही. कंपनीची किंमत म्हणजे एका शेअरचा भाव गुणिले एकूण शेअर. नव्वद सेंटचा शेअर महाग असू शकतो आणि नव्वद डॉलरचा स्वस्त.

आता पहिली शंका. तुम्ही कंपनीचं नाव लिहिलेलं नाही, पण तुमच्या वर्णनाशी जवळजवळ शब्दशः जुळणारी एक कंपनी होऊन गेली. तिची हकिकत सविस्तर सांगतो. बॉस्टनची पेअर थेरप्युटिक्स. तिच्या ‘रीसेट’ या ॲपला सप्टेंबर २०१७ मध्ये एफडीएची परवानगी मिळाली. व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी डॉक्टरांनी लिहून द्यायचं ते पहिलंच सॉफ्टवेअर. पुढे अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी ‘रीसेट-ओ’ आलं आणि मार्च २०२० मध्ये निद्रानाशासाठी ‘सॉमरिस्ट’. यात फसवाफसवी कुठेही नव्हती. चाचण्या झालेल्या होत्या, उपचाराची पद्धत मानसोपचारात मान्यता पावलेली होती.

एका रुग्णाच्या घरात डोकावू. झोप येत नाही म्हणून तो डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी गोळीऐवजी सॉमरिस्ट लिहून दिलं. आता रुग्णाला एक सांकेतिक क्रमांक मिळवावा लागतो आणि तो ॲपमध्ये टाकावा लागतो. मग नऊ आठवडे रोज झोपेची नोंद, ठरलेल्या वेळेलाच अंथरुणाला पाठ टेकणं, विचारांची सवय बदलण्याचे धडे. हे सगळं होण्याआधी कोणीतरी पैसे भरायला हवेत. छापील किंमत होती ८९९ डॉलर. रुग्णाच्या मनात होतं, विमा कंपनी देईल. विमा कंपनीचं म्हणणं, ॲपसाठी नऊशे डॉलर कशाला? अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने त्याच उपचारपद्धतीला मदत म्हणून काढलेलं एक ॲप तर फुकट मिळत होतं.

अडचण इथे होती. एफडीए दोनच गोष्टी पाहते : वस्तू सुरक्षित आहे का आणि सांगितलेलं काम करते का. तिचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न तिच्या टेबलावर येतच नाही. वृद्धांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी विम्यात गोळ्या, उपकरणं, रुग्णालय अशी खर्चाची खाती कायद्याने ठरलेली आहेत. ‘डॉक्टरांनी लिहून दिलेलं सॉफ्टवेअर’ त्यातल्या कुठल्याच खात्यात बसत नव्हतं. ते बसावं म्हणून २०२२ मध्ये अमेरिकी संसदेत विधेयक आलं, पण पेअरच्या हयातीत त्याचा कायदा झाला नाही. गरिबांसाठीच्या विमायोजनेत मॅसॅच्युसेट्ससारख्या काही राज्यांनी पैसे द्यायला सुरुवात केली होती, पण एकेका राज्याशी आणि एकेका विमा कंपनीशी बोलणी करता करता वर्षं जातात. पगार मात्र महिन्याला द्यावे लागतात.

आकडे पाहा. २०२२ मध्ये डॉक्टरांनी पेअरच्या ॲपसाठी ४५,००० हून जास्त चिठ्ठ्या लिहिल्या. त्यातल्या जेमतेम निम्म्या चिठ्ठ्यांवर रुग्णांनी ॲप घेतलं. जेवढ्यांनी घेतलं, त्यातल्या सुमारे ४१ टक्क्यांचेच पैसे कंपनीला मिळाले. म्हणजे शंभर चिठ्ठ्यांमागे वीस-बावीस. वर्षाची मिळकत झाली १ कोटी २७ लाख डॉलर, आणि खर्च त्याच्या कित्येक पट. भागधारक मात्र वर्षभर चिठ्ठ्यांचा आकडा धरून बसले होते, कारण बातम्यांच्या मथळ्यात तोच येत होता.

पेअर डिसेंबर २०२१ मध्ये नॅस्डॅकवर आली तेव्हा तिचं मूल्य सुमारे १६० कोटी डॉलर धरलं होतं. ७ एप्रिल २०२३ रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. मे महिन्यात तिची मालमत्ता लिलावात विकली गेली, त्याचे सगळे मिळून आले ६० लाख ५० हजार डॉलर. रीसेट ‘पर्स्यूकेअर’ने घेतलं, सॉमरिस्ट ‘नॉक्स हेल्थ’ने. औषध जगलं, नव्या घरी गेलं. शेअर मात्र उरला नाही, कारण दिवाळखोरीच्या रांगेत आधी कर्ज देणारे उभे असतात, मग बाकीचे घेणेकरी आणि सगळ्यात शेवटी भागधारक. तिथपर्यंत पातेल्यात काही शिल्लक राहत नाही.

‘दहा डॉलरला बाजारात आलेला’ हे तुमचे शब्द मला महत्त्वाचे वाटले. त्या वर्षांत अशा बऱ्याच कंपन्या नेहमीच्या पब्लिक इश्यूने आल्या नाहीत, ‘स्पॅक’च्या वाटेने आल्या. आधी कुठलाच धंदा नसलेली एक कोरी कंपनी दहा-दहा डॉलर गोळा करून शेअर बाजारात नोंदवतात, मग ती एखाद्या खऱ्या कंपनीत विलीन करतात. म्हणजे दहाचा आकडा माल तपासून ठरलेला नसतो, तो रिवाजाने असतो. विलीनीकरणाच्या वेळी प्रत्येक भागधारकाला आपले दहा डॉलर परत मागण्याचा हक्क असतो. पेअरच्या वेळी ४० कोटी डॉलरपर्यंत रक्कम उभी राहील असं जाहीर झालं होतं. प्रत्यक्षात हाती आली त्याच्या निम्म्याहून कमी, कारण आधीच्या बहुतेकांनी पैसे परत घेतले. जे जवळून पाहत होते ते दहा डॉलर घेऊन उठले. त्यामुळे ‘दहाचा एकावर आला’ या वाक्यातला दहा फारसा मनावर घेऊ नका.

तुम्ही विचाराल, मग मधूनच हे शेअर एका दिवसात तीस-चाळीस टक्के वर कसे जातात? त्याचं कारण साधं आहे. छोट्या कंपनीचे रोज हात बदलणारे शेअर थोडे असतात. एखादा करार किंवा परवानगी जाहीर झाली आणि हजार-दोन हजार हौशी गुंतवणूकदार एकाच सकाळी खरेदीला आले, तर विकणारे पुरत नाहीत आणि भाव उडतो. आपल्याकडे लहान शेअरला पाच, दहा किंवा वीस टक्क्यांवर सर्किट लागतं. अमेरिकेत अशी दिवसभराची मर्यादा नाही. फार वेगाने हललं तर व्यवहार काही मिनिटं थांबतात आणि पुन्हा सुरू होतात. म्हणून तिथली उडी मोठी दिसते आणि आपटही मोठी.

त्या उडीनंतर काय होतं, ते कागदावर मांडून बघा. समजा, कंपनीचे १० कोटी शेअर आहेत आणि पुढचं वर्ष निभावायला तिला २ कोटी डॉलर हवेत. भाव दहा डॉलर असता, तर २० लाख नवे शेअर विकून भागलं असतं. जुन्या भागधारकाला ते जाणवलंही नसतं. भाव पन्नास सेंट असेल, तर ४ कोटी नवे शेअर विकावे लागतात. दहा कोटींच्या पंगतीत चार कोटी नवी पानं मांडली जातात. आलेले पैसे पगारात आणि भाड्यात जातात, आणि पुढच्या वर्षी तीच वेळ पुन्हा येते, तेव्हा भाव आणखी खाली असतो. म्हणून तोट्यातल्या कंपनीचा भाव पडला की ती ‘स्वस्त’ झाली असं मला वाटत नाही. पडलेला भाव हाच तिचा पुढचा आजार असतो. चांगल्या बातमीने भाव वर गेला, की पैशाची निकड असलेली कंपनी तीच संधी साधून नवे शेअर विकते. तिच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर आपणही तेच केलं असतं. पण आदल्या दिवशी वरच्या भावाला घेतलेला माणूस यात अडकतो.

आणखी एक गोंधळ. ‘काल पन्नास सेंटला असलेला शेअर आज बारा डॉलर झाला’ असं कोणी दाखवलं तर थांबा. नॅस्डॅकवर सलग तीस कामकाजी दिवस भाव एका डॉलरखाली राहिला, की कंपनीला नोटीस येते आणि सावरायला १८० दिवस मिळतात. न्यूयॉर्क शेअर बाजाराचाही असाच नियम आहे. मग कंपन्या अनेक शेअरचा मिळून एक शेअर करतात. लंडनच्या बॅबिलॉन या ऑनलाइन डॉक्टर सेवेने डिसेंबर २०२२ मध्ये पंचवीस शेअरचा एक केला. भाव पंचवीसपट, शेअर पंचविसावा हिस्सा, भागधारकाच्या पदरात तेवढंच. ऑक्टोबर २०२१ मध्ये ४२० कोटी डॉलर मूल्य लावून स्पॅकच्याच वाटेने आलेली ही कंपनी ऑगस्ट २०२३ मध्ये कोसळली. तिचा ब्रिटनमधला धंदा सुमारे पाच लाख पौंडांना विकला गेला. मुंबईत त्या पैशात एक बरा फ्लॅट येतो.

मग या क्षेत्रात कोणाचं भलं झालंच नाही का? झालं की. मधुमेहींना रक्तातली साखर सांभाळायला मदत करणारी लिवोंगो जुलै २०१९ मध्ये २८ डॉलरला बाजारात आली. साधारण वर्षभराने टेलाडॉक या ऑनलाइन डॉक्टर सेवेने ती रोख आणि शेअर मिळून सुमारे १,८५० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. भाच्यासारख्या तरुणांच्या डोळ्यांपुढे हेच उदाहरण असतं, आणि ते खरं आहे. फरक इतकाच, की लिवोंगोचे पैसे मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी भरत होत्या. पैसे देणारा पहिल्या दिवसापासून ठरलेला होता. तरीही, ज्यांनी पुढे टेलाडॉकचे शेअर धरून ठेवले त्यांनी फेब्रुवारी २०२१ मधला २९० डॉलरच्या वरचा भाव पाहिला आणि २०२४ मधला दहाच्या खालचाही.

‘हे सगळं साता समुद्रापार’ असंही समजू नका. ऑनलाइन औषधं विकणाऱ्या मुंबईच्या फार्मइझीची मालक कंपनी एपीआय होल्डिंग्ज २०२१ मध्ये नवी मुंबईच्या थायरोकेअरचे ६६ टक्के शेअर ४,५४६ कोटींना घेण्याइतकी मोठी होती. त्याच नोव्हेंबरात तिने ६,२५० कोटींच्या पब्लिक इश्यूचा मसुदा सेबीकडे दिला. ऑगस्ट २०२२ मध्ये तो मागे घेतला. तिचे न नोंदलेले शेअर ‘इश्यू आला की दुप्पट’ या आशेने खासगीत घेतले जात होते. २०२३ मध्ये कर्ज फेडायला तिने ३,५०० कोटींचा हक्कभाग, म्हणजे आधीच्या भागधारकांनाच नवे शेअर देऊ करणारा इश्यू, काढला, ५ रुपये भावाने. आधीचा भाव ५० रुपयांच्या आसपास होता. ज्यांनी नवे पैसे घातले नाहीत, त्यांचा वाटा आक्रसला. नवी पानं मांडली जातात ती अशी.

आता तुमच्या पैशाचं. परदेशी शेअर घेणं बेकायदा नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. घेतलेला प्रत्येक शेअर, त्याची किंमत चार आणे उरली तरी, प्राप्तिकर विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावा लागतो. फंडाच्या पैशातून दर महिन्याचं काहीतरी भागत असेल, तर त्यातला एक डॉलरही इथे घालू नका, असं मी तुम्हाला स्पष्टच सांगतो. भाच्याला पगार आहे, बुडालं तर भरून काढायला पंचवीस वर्षं आहेत. तुमची गोष्ट वेगळी आहे.

तरीही कुतूहल म्हणून तपासायचं असेल, तर भाच्याला कंपनीचा शेवटचा तिमाही अहवाल मागवायला सांगा. तो अमेरिकी नियामकाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यात तीन गोष्टी शोधायच्या : बँकेत रोख किती, तीन महिन्यांत धंद्यात किती रोख जळली, आणि ‘गोइंग कन्सर्न’ हे दोन शब्द ‘सबस्टॅन्शियल डाउट’च्या शेजारी आले आहेत का. ते तसे आले असतील, तर पुढचे बारा महिने आपण टिकू की नाही याची दाट शंका आहे, असं कंपनी स्वतःच सांगते आहे. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. उत्तर चार आलं, तर वर्षभराची शिदोरी आहे. दोन आलं, तर नवे शेअर विकायची तयारी बहुधा आत सुरूच असेल. आकडे मिळाले की मला कळवा, सर. भागाकार आपण मिळून करू.