यादी करण्याआधी

डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडीच्या आसपास नोव्हेंबर २०१८पासून जमीन हादरायला लागली. १ फेब्रुवारी २०१९ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून पळताना पडून एक लहानगी दगावली. त्यानंतर बोईसरहून आम्ही काही जण ताडपत्र्या आणि ब्लँकेटं घेऊन पाड्यांवर जात होतो. हातात एका संस्थेचा फॉर्म होता. पहिलाच रकाना: घर कच्चे की पक्के? कच्चे असेल तर नाव यादीत वर.

पाड्यावर वेगळंच दिसत होतं. कारवीच्या कुडाचं, शेणामातीने सारवलेलं घर हादऱ्याने हलतं, थोडी माती झडते; पण ते अंगावर कोसळून जीव जाण्याची भीती कमी. भेगा पडल्या होत्या त्या विटांच्या भिंतींना. एका आजींनी खिडकीखालच्या भेगेत चार बोटं घालून दाखवली. सगळं घर रात्री थंडीत अंगणात झोपत होतं आणि फॉर्मच्या हिशोबाने ते सुरक्षित होतं!

म्हणून मदतीला निघणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: दुबळं कोण, हे घरून ठरवून जाऊ नका. संकट कोणतं आणि त्यात कोणाचं काय अडलंय, ते विचारा. २०२०च्या टाळेबंदीत तारापूर एमआयडीसीतली परराज्यातली पोरं धडधाकट म्हणून कित्येक याद्यांतून सुटली. त्यांचं रेशनकार्ड गावाकडे, पगार ठेकेदाराकडे अडकलेला. कार्ड नसलेल्या स्थलांतरितांना माणशी ५ किलो धान्य देण्याची घोषणा केंद्राने केली, तोवर मे अर्धा सरला होता. पिठाची पिशवी मिळाली तरी छोट्या सिलिंडरमध्ये गॅस नसायचा. आधी गॅस द्या, असं ती पोरं सांगत होती. ते ऐकायला हवं.

आणखी एक. दिवाळीनंतर कातकरी, वारली कुटुंबं वीटभट्टीवर जातात. दाराला कुलूप दिसलं की नाव खोडू नका; कुठल्या भट्टीवर गेलेत, ते शेजाऱ्यांना विचारा. जमलं तर संध्याकाळी जा, दिवसा माणसं कामावर असतात. वाटप करण्याआधी यादी पाड्यात मोठ्याने वाचा. सुटलेली नावं बायाच सांगतात. सुटलेल्यांसाठी काही संच गाडीत आधीपासून राखून ठेवा.