सूनबाई, आधी कागद, मग चुना

सूनबाई, ग्रामपंचायतीत निवडून आलीस आणि आल्या आल्या शिरवळच्या जुन्या वास्तूंचं काम अंगावर घेतलंस, बरं केलंस. पण निधी मागायला लगेच धावू नकोस. निधी आला की मार्चअखेरीची घाई येते, आणि माझ्या मते पावसानं केलं नसेल एवढं वाटोळं त्या घाईनं केलंय.

आधी वास्तू कुणाची ते काढ. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची असेल तर १९५८ चा कायदा लागतो. भोवतीच्या १०० मीटरांत नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय नाही. राज्याची असेल तर १९६० चा कायदा. दोन्ही याद्यांत नाव नसेल तर सातबारा काढ, गावठाणात असेल तर प्रॉपर्टी कार्ड. मुंबईनं १९९५ साली वारसा नियमावली आणली, वास्तूंच्या प्रती ठरवल्या, सल्ल्याला समिती नेमली. असला सरंजाम गावाला कुठला? म्हणून यादी आपणच करायची आणि ग्रामसभेच्या ठरावात घालायची. ठराव नसला की पुढची बॉडी येते आणि पहिल्यापासून सुरुवात.

मग मापं. जुन्या पुणे-सातारा वाटेवरच्या दगडी पाणपोईपासून सुरुवात कर. चारी बाजूंचे फोटो, शेजारी टेप धरून. नकाशावर दगडांना नंबर टाक, दगडावर ऑइलपेंटनं नको! कुठला सांधा उघडा, कुठं ओल, कुठं पिंपळ, सगळं लिहून ठेव. पिंपळ दिसला की पोरं उपटायला धावतात. मूळ ओढलं की दोन दगड सोबत येतात. बुंधा कापायचा, मूळ जागेवरच मारायचं, मग सांधा भरायचा.

सांधा भरायचा तो चुन्यानं. ठेकेदार म्हणेल, सिमेंट पक्कं. पक्कं आहेच, तेच दुखणं. भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडत नाही, ती दगडातून वाट काढते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. चुनकळी नीट विरवून, वाळू आणि विटेची सुरखी घालून घाणीत मळलेला चुना लागतो. आधी हातभर जागेवर लावून बघायचं. वर ओलं गोणपाट टाकून सावकाश वाळू द्यायचा; उन्हात भरलेला चुना तडकतो. घाणीचा दर अंदाजपत्रकात आहे का ते सही करण्याआधी बघ, नसला तर गुपचूप सिमेंटच येणार.

सुभानमंगळाबद्दल एकच सांगतो. १६४८ साली कावजी मल्हारांनी ज्या भुईकोटासाठी झुंज दिली, त्याचा नीरेकाठी आता जेमतेम बुरूज उरलाय. नवी तटबंदी उभी करून देतो म्हणणाऱ्याला चहा पाज आणि वाटेला लाव. आहे त्या बुरुजाच्या माथ्यावर पाणी साचू देऊ नकोस, पायथ्याशी चर काढ, कडेनं माती खणू देऊ नकोस. सेल्फी पॉइंटची कमान तर नकोच नको.

दर वर्षी मृगाआधी गवत, रोपं, पन्हाळी बघायला थोडी रक्कम अंदाजपत्रकात टाकून ठेव. तिला कुणी टाळ्या वाजवणार नाही. भर पावसात छत्री घेऊन स्वतः जा, गळती उन्हाळ्यात दिसत नसते.

आणि ठेकेदाराची अनामत एक अख्खा पावसाळा गेल्याशिवाय सोडू नकोस, मग तो आपल्या भावकीतला का असेना.