दोन बाय दोनचा दर चुकतो कुठे?

मामा : मेधा, वखारीच्या बिलात २*२ ची पट्टी टाकली, तर दर लागला २*१२ च्या फळीचा. एक्सेलच्या व्हीलुकअप सूत्राच्या शेवटी शून्य दिलंय. तंतोतंत जुळणीच मागितली ना?

मेधा : मागितलीत, पण मजकूर शोधताना तिथेही काही चिन्हांना खास अर्थ असतो. * म्हणजे कितीही अक्षरं, ? म्हणजे नेमकं एक. तुमचं २*२ एक्सेलने वाचलं ‘सुरुवातीला २, शेवटी २, मधे काहीही’. दरपत्रकात २*१२ ची ओळ २*२ च्या वर आहे. व्हीलुकअप पहिलं जुळलं की थांबतो.

मामा : मग * ला नुसतं * समज, हे त्याला सांगायचं कसं?

मेधा : त्याच्याआधी टिल्ड लावायचा : २~*२.

मामा : प्रत्येक बिलात हाताने? गिऱ्हाईक कंटाळून जाईल!

मेधा : ते काम सबस्टिट्यूटकडे द्या :

=व्हीलुकअप(सबस्टिट्यूट(ए२,"*","~*"),दर!ए:बी,२,०)

दरपत्रकाला हात लावायचा नाही. बदल फक्त आपण जे शोधतोय त्यात.

मामा : आणि नावातच टिल्ड असला तर? आपला पोरगा ‘१०~१२ एमएम’ असं लिहितो.

मेधा : मग माल यादीत असूनही #एन/ए येईल. तिथे ~ चा ~~ करायचा, पण सगळ्यात आतल्या सबस्टिट्यूटमध्ये, म्हणजे सगळ्यात आधी. नंतर केलात तर * साठी लावलेला टिल्डही दुप्पट होतो आणि * पुन्हा मोकाट सुटतो.

मामा : नव्या एक्सेलात तरी ही भानगड नाही ना?

मेधा : एक्सेल २०२१ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये एक्सलुकअप आहे. तो * ला साधं * च मानतो. खास अर्थ हवा असेल, तर पाचव्या जागी २ द्यायचा.

मामा : मुळात हवाय कुणाला तो खास अर्थ?

मेधा : तुम्हालाच! सुमइफला ‘सागवान*’ दिलंत, तर सागवानाच्या सगळ्या मापांची विक्री एका बेरजेत मिळते.

मामा : बरं, आता आधी काय करू?

मेधा : जुनी बिलं तपासा. #एन/ए निदान डोळ्यांना दिसतो. चुकीचा दर गुपचूप बिलात जाऊन बसतो. आणि यापुढे माप ‘२ बाय २’ असंच लिहा, यादीतही आणि बिलातही.