चाक मागून बघून घ्यावं

प्रश्न : आमचं सगळं आयुष्य भिलाईत, सेक्टरच्या क्वार्टरमध्ये गेलं. बाबा स्टील प्लांटमधून निवृत्त झाले आहेत. नुकतीच स्विफ्टची व्हीएक्सआय बुक केली. तिला चौदा इंची स्टीलची चाकं येतात, वर प्लास्टिकची कॅप. मला अ‍ॅलॉय बसवायची आहेत. दुकानदार म्हणतो, सोळा इंची घ्या, अ‍ॅलॉय हलकं असतं, मायलेज वाढतं, ब्रेकही चांगला लागतो. बाबा म्हणतात, खड्ड्यात पोलादच टिकतं, उगाच पैसे घालवू नकोस. खरं कोणाचं? आणि घ्यायचीच झाली तर काय बघून घ्यायची? – एक वाचक, भिलाई

उत्तर : खड्ड्यांच्या बाबतीत तुमच्या बाबांचं म्हणणं खरं आहे, आणि त्याचं कारण त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. गाडीचं स्टीलचं चाक कमी कार्बनच्या पोलादी पत्र्यापासून दाबून, वेल्डिंग करून बनतं. असं पोलाद तुटण्याआधी भरपूर ताणलं जातं. खड्ड्याच्या कडेवर आपटलं की चाकाची कड आत दबते, आणि टायरवाला ती ठोकून पुन्हा जागेवर आणतो. बाजारातली बहुतेक अ‍ॅलॉय चाकं ओतीव असतात. अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे सात टक्के सिलिकॉन आणि अगदी थोडं मॅग्नेशियम घालून तो रस साच्यात भरतात, मग चाक भट्टीत तापवून, पाण्यात विझवून, पुन्हा मंद आचेवर ठेवून त्याला ताकद आणतात. हा धातू कडक असतो, पण ताणला जाण्याची त्याची तयारी पोलादापेक्षा खूपच कमी. जोराचा मार बसला तर तो थोडा वाकतो, आणि त्याहून जोराचा बसला तर तडकतो.

एक गोष्ट मात्र बाबांना सांगा. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, पण भिलाईची ओळख रूळ, जाड प्लेट आणि वायर रॉडची आहे. गाडीच्या चाकाला लागणारा पातळ पत्रा बोकारो, रुरकेला अशा कारखान्यांतून येतो. भिलाईच्या रुळांवर धावणारी रेल्वेची चाकंसुद्धा दुर्गापूरला आणि बंगळुरूजवळ येलहंक्याला बनतात. अ‍ॅल्युमिनियम मात्र छत्तीसगडचंच आहे : कोरब्याचा बाल्को कारखाना तुमच्याच राज्यात. तेव्हा अ‍ॅलॉय घेतलं तर घरच्या धातूशी बेइमानी होते असं त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

आता दुकानदाराचं म्हणणं. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७ आणि पोलादाची सुमारे ७.८, हे शाळेच्या पुस्तकातलं खरं आहे. पण धातू हलका आहे म्हणून चाक हलकं होतंच असं नाही. ताकद कमी म्हणून ओतीव चाकात धातू जाड ठेवावा लागतो, आणि शेवटी वजन पुष्कळदा स्टीलच्या आसपास येतं. त्यात तुम्ही चौदाचं सोळा केलं तर नवं चाक जुन्यापेक्षा जडही भरू शकतं. खरोखर हलकी असतात ती घडीव म्हणजे फोर्ज्ड चाकं, आणि त्यांची किंमत हॅचबॅकच्या हिशेबात बसत नाही. वादात पडूच नका. टायर न चढवलेलं चाक दुकानातल्या वजनकाट्यावर ठेवायला सांगा, मग तुमच्या गाडीचं स्टीलचं चाकही तसंच ठेवून बघा. चाक आणि टायर मिळून वजन वाढलं तर मायलेजची गोष्ट तिथंच संपली. उलट रुंद टायर रस्त्याला जास्त घासतो. ब्रेकबद्दल एवढंच खरं की उघड्या आऱ्यांतून वारा खेळतो आणि ब्रेक लवकर थंड होतो. घाट उतरताना त्याचा उपयोग आहे, भिलाई ते रायपूर सपाट रस्त्यावर तो तुम्हाला जाणवणार नाही.

सोळा इंचांना माझा स्पष्ट विरोध आहे, आणि तो साध्या हिशेबावर उभा आहे. तुमच्या गाडीचा टायर १६५/८० आर १४. म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ८० टक्के, १३२ मिलिमीटर. दोन भिंती आणि मधलं चौदा इंची चाक मिळून एकूण व्यास होतो ६१९.६ मिलिमीटर. स्विफ्टच्या वरच्या झेडएक्सआयला कंपनी १८५/६५ आर १५ देते. त्याचा व्यास ६२१.५, भिंत १२०. सोळा इंचांवर जुळणारा टायर १९५/५५, व्यास ६२०.९, भिंत फक्त १०७. तिन्ही व्यास जवळजवळ सारखे, म्हणून स्पीडोमीटर फसत नाही आणि दुकानदार म्हणतो ‘बरोबर बसतंय’. बसतं खरं, पण चौदावरून सोळावर जाताना रस्ता आणि धातू यांच्यातली हवेची गादी जवळजवळ एक इंचाने कमी होते. खड्ड्याचा मार आधी हीच गादी झेलते. ती कमी झाली की तो थेट चाकाला आणि सस्पेन्शनला बसतो. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते कळत नाही, आणि ट्रेलरच्या मागे अडकलेल्या माणसाला तो दिसतही नाही. पंधरा इंची घ्या. तो आकार कंपनीने याच गाडीसाठी ठरवलेला आहे. सोळा शोभतात हे मला मान्य आहे, तरी.

चाक कसं निवडायचं याचं माझं एकच सांगणं : ते पुढून आवडलं की उलटं करून मागून वाचायचं. दुकानात सगळे आऱ्यांचा नमुना, काळा रंग, चकाकणारी कड बघतात. तुमचा जीव ज्यावर अवलंबून आहे ते सगळं मागच्या बाजूला, हबच्या भोवती आणि आऱ्यांच्या पाठीवर कोरलेलं असतं.

तिथं पहिलं दिसेल मापाचं लिखाण, उदाहरणार्थ ‘५.५ जे × १५’. ५.५ ही इंचातली रुंदी, १५ हा व्यास. पुढे ‘ईटी’ आणि एक आकडा असतो, तो ऑफसेट. हबवर टेकणारी चाकाची पाठ चाकाच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर दूर आहे ते तो सांगतो. आकडा कमी असला तर चाक बाहेर येतं, जास्त असला तर आत जातं. दुकानदार ईटी पाहिल्याशिवाय रुंद चाक दाखवतो तेव्हा हिशेब करा : दीड इंच रुंदी वाढली म्हणजे ३८ मिलिमीटर, त्यातले १९ आत आणि १९ बाहेर. आत शॉकअपला लागेल की काय आणि बाहेर मडगार्डच्या पुढे येईल की काय, हे त्या आकड्यावर ठरतं. बेअरिंगवरचा भारही त्यामुळे बदलतो. झेडएक्सआयच्या मूळ चाकाच्या मागे जो ईटी कोरलाय त्याच्या अगदी जवळचा आकडा मागा. शोरूमला उभ्या असलेल्या गाडीच्या चाकाचा तो आकडा सर्व्हिसवाल्याकडून लिहून घ्या, त्यात लाजायचं काही नाही.

दुसरी गोष्ट पीसीडी. स्विफ्टला चार नट, आणि ते १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. चार-नटी म्हणून १०८ किंवा ११४.३ची चाकं कोणी ‘बसवून देतो’ म्हणाला तर दुकान सोडा.

तिसरी गोष्ट फार थोडे लोक विचारतात, आणि पुढचा सगळा त्रास तिथून येतो : मधलं भोक. स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर. मूळ चाक त्यावर चपखल बसतं, म्हणजे चाकाचं केंद्र हबच ठरवतो. बाजारातली चाकं अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचं भोक मोठं ठेवतात, पुष्कळदा ७३.१. अशा वेळी मधली जागा भरायला हब रिंग लागते, बाहेरून ७३.१ आणि आतून ५४.१. ती नसली तर चाक फक्त नटांवर केंद्रात येतं, आणि जरा इकडेतिकडे झालं की ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागतं. मग माणूस बॅलन्सिंग, अलाइनमेंट, पुन्हा बॅलन्सिंग करत फिरतो. रिंग अगदी स्वस्त वस्तू आहे. चाकांच्या किमतीतच मागून घ्या.

चौथी, भार. चाकावर ‘मॅक्स लोड’ म्हणून किलोंमध्ये आकडा असतो. गाडीच्या एकूण मान्य वजनाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा तो बराच जास्त हवा, कारण चारही चाकांवर वजन सारखं पडत नाही, आणि पुढे इंजिन आहे.

पाचवी, परीक्षेची खूण. आपल्याकडे गाडीच्या चाकांसाठी भारतीय मानक आहे, त्यामुळे आयएसआयची खूण शोधा. जपानी पद्धतीच्या चाकांवर ‘जेडब्ल्यूएल’ आणि ‘व्हीआयए’ अशी अक्षरं असतात. या परीक्षांमध्ये चाकावर तीन प्रकारचे अत्याचार करतात. वळणावर येतो तसा वाकवणारा ताण लाखो फेऱ्या देतात, टायरसकट ड्रमवर दाबून फिरवतात, आणि तेरा अंशात कलतं ठेवून वरून वजन टाकतात. हा शेवटचा मार म्हणजे फुटपाथची कड किंवा खड्डा. खूण कोरणं सोपं असतं हेही लक्षात ठेवा, म्हणून खुणेसोबत बनवणाऱ्याचं नाव, महिना-वर्ष आणि बॅच नंबर कोरलेला आहे का ते बघा, आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. ‘बिलाशिवाय घ्या, तेवढे वाचतील’ असं जो म्हणतो त्याच्याकडे तडकलेलं चाक घेऊन परत जाता येणार नाही.

भारतात चांगली चाकं बनतात, परदेशी नावामागे जायची गरज नाही. एन्केई पुण्याजवळ शिक्रापूरला, युनो मिंडा, स्टील स्ट्रिप्स, विशाखापट्टणमची सिनर्जीज ही गाड्यांच्या कंपन्यांना चाकं पुरवणारी नावं. सर्वांत निर्धास्त वाट मात्र मारुतीच्याच अधिकृत अ‍ॅक्सेसरीजमधून पंधरा इंची अ‍ॅलॉय घेण्याची. नमुने कमी मिळतील, काही रुपये जास्त जातील, पण ईटी, भोक, भार, नट सगळं जुळलेलं असेल. बुकिंग अजून बदलता येत असेल तर झेडएक्सआयची किंमत आणि व्हीएक्सआय अधिक चार चाकं, चार टायर यांची किंमत शेजारी शेजारी मांडून बघाच. चौदाचे नवे टायर विकून येणारे पैसे दुकानदार सांगतो त्याहून कमी धरा.

बसवताना एक आग्रह धरा. टायर चढवण्याआधी रिकामं चाक पुढच्या हबवर लावून हाताने फिरवून बघायला सांगा, ब्रेकच्या कॅलिपरला लागत नाही ना. मग टायर चढवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. टायर चढला, चाक गाडीला लागलं की दुकानदार ते परत घेत नाही. नट अ‍ॅलॉयला जुळणारे, योग्य लांबीचे आणि योग्य उताराचेच हवेत. ते हवेच्या बंदुकीने करकचून न आवळता टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचे. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासून घ्या.

कागदांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने गाडीत कंपनीच्या मूळ वर्णनापेक्षा वेगळे बदल करायला मनाई आहे. कंपनी ज्या मॉडेलला जो आकार देते त्यात राहिलात तर तुम्ही सुरक्षित. मडगार्डबाहेर आलेली चाकं पोलिसांनाही दिसतात. विम्याच्या पॉलिसीत ही चाकं अ‍ॅक्सेसरी म्हणून किमतीसह लिहून घ्या, थोडा प्रीमियम वाढेल. लिहिली नाहीत तर अपघातानंतर विमावाला स्टीलच्याच चाकांचे पैसे धरेल. सस्पेन्शनच्या वॉरंटीबद्दल शोरूमकडून लेखी विचारा.

प्रश्न : माझं अ‍ॅलॉय आतल्या कडेला वाकलं आहे. गॅसवर तापवून सरळ करून देतो म्हणतात. करावं का? – एक वाचक, राजनांदगाव

उत्तर : तापवून अजिबात नको. ओतल्यानंतर चाकाला पाचशे अंशांच्या वर तापवून, विझवून आणि मग दीडशेच्या आसपास मुरवून जी ताकद आणलेली असते, ती गॅसच्या ज्योतीने त्या जागी उतरते. बाहेरून रंग मारला की काही कळत नाही. आतल्या कडेचा थोडा वाक यंत्रावर थंडच दाबून काढता येतो. त्यानंतर पाण्यात बुडवून हवा गळते का ते बघा आणि ते चाक मागे लावा. आऱ्याला किंवा हबजवळ बारीकशी जरी चीर असली, तर वेल्डिंग न करता चाक भंगारात द्या. भंगारवाला अ‍ॅल्युमिनियमचा भाव देतो.

प्रश्न : चार अ‍ॅलॉय घेतली, स्टेपनी स्टीलचीच ठेवली तर चालेल? – एक वाचक, नागपूर

उत्तर : चालेल, एकूण व्यास जुळत असेल तर. वर स्विफ्टचे आकडे दिलेत, त्यात चौदाची स्टेपनी पंधराच्या अ‍ॅलॉयसोबत तात्पुरती चालते. तिच्यावर ऐंशीच्या आत चालवा आणि पहिल्या टायरवाल्याकडे पंक्चर काढून घ्या. मूळ स्टीलच्या चाकाचे नट मात्र डिकीत ठेवा. अ‍ॅलॉयचे नट स्टीलच्या चाकावर नीट न बसण्याची शक्यता असते, आणि रात्री देवरी-साकोलीच्या मध्ये ते कळून उपयोग नाही. गाडीचा मूळ पाना अ‍ॅलॉयच्या खोल भोकात जातो का, हेही घरीच एकदा लावून बघा. जात नसेल तर पातळ सॉकेट विकत घेऊन त्याच पिशवीत ठेवा.