एम.एस्सी.नंतरच्या शिक्षणाला पैसा कोणाचा?



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते आणि खोडव्याविषयी लिहितो. यावेळी विषय वेगळा आहे, पण तो जमिनीशीच येऊन भिडतो.

गेल्या हंगामात एक सभासद आमच्या गटऑफिसात आले. मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, एका विद्यापीठात पीएच.डी.ला प्रवेश मिळालेला. फी, खोलीभाडे, मेस असा पाच वर्षांचा हिशेब धरून त्यांनी वीस गुंठे विकायचे ठरवले होते. इसार तेवढा घ्यायचा राहिला होता. आमच्याकडे आले ते उभ्या उसाची नोंद घेणाऱ्याच्या नावावर कशी करायची हे विचारायला.

आम्ही स्वतः कृषी पदविकेपर्यंत शिकलेलो. विद्यापीठाचे हे व्यवहार आम्हालाही नीट ठाऊक नव्हते. म्हणून ऊस संशोधनात काम करणाऱ्या ओळखीच्या एका तरुण शास्त्रज्ञांना तिथूनच फोन लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "जेआरएफ आहे का?" सभासद म्हणाले, "नेट पास आहे की!" तिकडून उत्तर आले, "काका, ते वेगळं आणि हे वेगळं."

हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. विज्ञान शाखेसाठी सीएसआयआर आणि यूजीसी यांची मिळून एक नेट परीक्षा असते. तीत वरच्या गुणांत येणाऱ्यांना जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी दरमहा पैसे देणारी फेलोशिप, मिळण्याची पात्रता येते. बाकीचे नुसते नेट पास. त्यांना प्राध्यापकीसाठी किंवा पीएच.डी. प्रवेशासाठी त्याचा उपयोग होतो, पण पैसा मिळत नाही. जेआरएफची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली. दोन वर्षांनी काम तपासून ती ४२,००० होते आणि एकूण मुदत पाच वर्षांची असते. वसतिगृह मिळाले नाही तर घरभाडे भत्ता वेगळा. म्हणजे जेआरएफ असलेल्या मुलाच्या पीएच.डी.साठी बापाने जमीन विकायची गरजच नाही.

जेआरएफ नसेल तर प्रवेश कुठे मिळाला ते बघावे. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, आयआयटी, पुण्याची आयसर यांसारख्या संस्था पीएच.डी.ला घेतलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांना स्वतः फेलोशिप देतात. केंद्रीय विद्यापीठात नेट नसलेल्यालाही महिना ८,००० रुपये मिळतात. त्यात मेसचे भागेल, फार तर. मात्र राज्याच्या विद्यापीठात नुसता प्रवेश मिळाला आणि फेलोशिप नाही, असे असेल तर खर्च सगळा घरचा. त्या मुलीचे पत्र आम्ही दोनदा वाचले. फीचा आकडा होता, फेलोशिपचा शब्द नव्हता.

मग अशा मुलांनी करायचे काय? परीक्षा वर्षातून दोनदा होते, ती पुन्हा देता येते. दरम्यान एखाद्या प्राध्यापकाच्या मंजूर प्रकल्पात पगारावर काम मिळू शकते. हाताला प्रयोगशाळेची सवय राहते आणि घरावर भार पडत नाही. सारथी, बार्टी, महाज्योती या संस्थांच्या पीएच.डी. फेलोशिपची जाहिरात निघाली की आपापल्या प्रवर्गाप्रमाणे अर्ज करावा. मंजूर पैसाही कित्येकदा काही महिने उशिरा हातात येतो. उसाच्या बिलाची वाट पाहिलेल्यांना हे आम्ही काय सांगावे! तेवढ्या महिन्यांची तजवीज मात्र घरून लागते.

खरी ओढाताण होते ती एम.एस्सी.च्या दोन वर्षांत. तिथे शुल्क सवलतीचे अर्ज महाडीबीटीवर वेळेत भरावेत, उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. मूल हुशार असेल तर बी.एस्सी.नंतर थेट एकत्रित पीएच.डी.कडे वळवावे. बंगळूरची विज्ञान संस्था आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था तिथे सुरुवातीपासूनच विद्यावेतन देतात. ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

आता परदेशाचे. सातबाऱ्यावर बोजा चढवून अमेरिकेला एम.एस.ला पोर पाठवण्याची टूम निघाली आहे. तिकडे एम.एस.चा खर्च बहुतेक विद्यार्थी स्वतःच करतात. विज्ञानाच्या पीएच.डी.चे तसे नाही. खालच्या वर्गांचे प्रयोग घेणे, पेपर तपासणे किंवा प्राध्यापकाच्या संशोधनात काम करणे, या बदल्यात विद्यापीठ सहसा फी माफ करते आणि वर विद्यावेतन देते. वर्षे पाच-सहा लागतात, हे खरे. पण एजंट हा फरक आपणहून सांगतीलच असे नाही. तेव्हा पत्रात 'ट्युइशन वेव्हर' आणि 'असिस्टंटशिप' हे दोन शब्द आहेत का, ते मुलाकडून वाचून घ्या. नसतील तर सही करू नका.

त्या सभासदांना आम्ही थांबायला सांगितले तेव्हा ते रागावले. "पोरगी शिकते म्हणते, आणि साहेब तुम्ही थांबा म्हणता?" मुलगी मात्र म्हणाली, "दादा, मला अजून एक परीक्षा द्या." सध्या ती पुण्यात एका प्रकल्पावर काम करते आणि रात्री अभ्यास करते. निकाल यायचा आहे. वीस गुंठ्यांत यंदा को ८६०३२ ची आडसाली लागण आहे, नोंद वडिलांच्याच नावावर.

कोणाकडे असे प्रवेशपत्र आले असेल तर व्यवहार करण्याआधी गटऑफिसात घेऊन या. आम्हाला कळले नाही तर ज्यांना कळते त्यांना विचारू.

— ऊस विकास अधिकारी