छायाचित्रकाराची रोजनिशी

(छायाचित्र कॅमेऱ्याने काढले जाते, पण कोणती वस्तू टिपायची, कोठून पाहायचे आणि कोणता प्रकाश घ्यायचा, हे माणूस ठरवतो. अशी पारखी नजर कशी तयार होते? एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने अनेक वर्षे पहाटे उठून रोजनिशी लिहिली. या सवयीचा त्यांच्या कलेला कसा उपयोग झाला, ते प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)

'रोजनिशी' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. त्यातला 'रोज' हा शब्द फारसीतून आला आणि मराठीत व उर्दूत सारखाच रुळला. उर्दूत तुम्ही ज्याला 'रोजनामचा' म्हणता, तीच मराठीतली रोजनिशी. दुकानदार तिच्यात जमाखर्च लिहितो, प्रवासी वाटेतल्या गावांची माहिती लिहितो. पण छायाचित्रकाराने रोजनिशी कशाला लिहावी? त्याचे काम तर डोळ्यांचे. या प्रश्नाचे उत्तर एडवर्ड वेस्टन यांच्या जीवनात सापडते.

वेस्टन यांचा जन्म २४ मार्च १८८६ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झाला. लहानपणीच त्यांची आई वारली. १९०२ साली, ते सोळा वर्षांचे असताना, वडिलांनी त्यांना एक साधा पेटीचा कॅमेरा भेट दिला. तो घेऊन ते शिकागो शहरातील बागांमधून हिंडू लागले. त्या दिवसापासून छायाचित्रणाचा त्यांना जो छंद लागला, तो कायमचाच.

पुढे ते कॅलिफोर्निया राज्यात गेले. सुरुवातीला घरोघर फिरून ते लोकांची छायाचित्रे काढत. १९११ साली लॉस एंजेलिसजवळ त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. त्यांना चार मुलगे होते. संसार चालवायचा, तर गिऱ्हाईक सांभाळले पाहिजे. गिऱ्हाइकाला हवे असे आपण आहोत त्याहून सुंदर दिसणे! मग वेस्टन पेन्सिल घेऊन काचेवरच्या प्रतिमेतील सुरकुत्या आणि डाग झाकत बसत. या कामावर घर चालत होते; पण त्यांचे मन त्यात रमत नव्हते. वस्तू जशी आहे तशी, स्वच्छ आणि स्पष्ट दाखवावी, हीच कॅमेऱ्याची खरी ताकद आहे, असे त्यांना वाटू लागले होते. दिवसभर करायचे एक आणि मनात भलतेच, अशी त्यांची ओढाताण होत असे.

१९२३ साली ते मेक्सिको देशात गेले. या काळापासूनची त्यांची रोजनिशी आज उपलब्ध आहे. त्याआधीची पाने त्यांनी स्वतःच नष्ट केली होती. त्यांचा नेम साधा होता. घरातील माणसे उठण्यापूर्वी, पहाटेच्या अंधारात ते उठत, कॉफी करून घेत आणि लिहायला बसत. दिवसाचे इतर तास गिऱ्हाइकांचे, घराचे आणि देणेकऱ्यांचे होते. पहाटेचा हा वेळ मात्र त्यांचा एकट्याचा होता.

त्या वहीत ते काय लिहीत? पुष्कळदा पैशाची चणचण, घरभाड्याची काळजी, मुलांची आठवण. त्याबरोबरच कामाचा हिशेबही असे. आदल्या दिवशी कोणते छायाचित्र घेतले, प्रकाश कोठून आला, कोणती प्रत साधली, कोणती फसली, हे ते लिहीत. स्वतःच्या कामाला नावे ठेवायलाही ते कचरत नसत. कधी जुनी पाने वाचून त्यांना आपल्याच रडगाण्याचा कंटाळा येई. मधूनमधून लिहिण्यात खंडही पडे. पण ते पुन्हा वहीकडे वळत. १९३४ सालापर्यंत हा क्रम चालला.

त्या काळी छायाचित्र काढणे सोपे नव्हते. वेस्टन यांच्या मोठ्या कॅमेऱ्यातील एका फिल्मचा आकार ८ इंच बाय १० इंच होता. प्रत्येक फिल्मला पैसे पडत. शिंपल्यांची छायाचित्रे घेताना तर त्यांना कॅमेऱ्याचे भिंग फार वेळ उघडे ठेवावे लागे. तेवढ्यात रस्त्यावरून एखादी जड गाडी गेली, की शिंपला किंचित हलायचा आणि सारी मेहनत वाया जायची. अशा वेळी झालेली चूक विसरून चालत नाही. ती लिहून ठेवली, तर उद्याची फिल्म वाचते.

या सवयीचे मोल समजून घ्यायचे, तर एका ढोबळ्या मिरचीची गोष्ट पाहिली पाहिजे.

१९२९ साली वेस्टन कॅलिफोर्नियातील समुद्रकाठच्या कार्मेल गावी राहायला आले. तेथे १९३० सालच्या ऑगस्ट महिन्यात ते ढोबळ्या मिरच्यांची छायाचित्रे घेत होते. मिरची ती काय, आणि तिचे छायाचित्र ते काय! पण त्यातली एक मिरची वेडीवाकडी, पीळदार होती. तिच्या अंगावरचे उंचवटे आणि खळगे पाहून पिळलेल्या स्नायूंची आठवण होई. त्यांनी तिला नाना तऱ्हांनी ठेवून पाहिले. मागे कधी कापड धरले, कधी पुठ्ठा. छायाचित्रांमागून छायाचित्रे झाली. काही चांगलीही उतरली. पण मनासारखे एकही नव्हते.

शेवटी त्यांना एक युक्ती सुचली. पत्र्याचे एक मोठे नरसाळे त्यांनी आडवे ठेवले आणि त्याच्या तोंडाशी मिरची ठेवली. वरून येणारा प्रकाश नरसाळ्याच्या आतल्या बाजूवर पडून मिरचीच्या कडांवर मंदपणे परतू लागला. आता मिरची अंधारातून उजळून वर आल्यासारखी दिसू लागली.

या वेळी घडलेली हकीकत त्यांनी रोजनिशीत लिहिली आहे. आठवडाभर जिच्यावर मेहनत केली, त्या मिरचीपासून आता आणखी काही मिळणार नाही, असे त्यांनी जवळजवळ ठरवले होते. त्यांच्याकडच्या मिरच्या शेवटी स्वयंपाकघरातच जात. आपल्या कलेचे विषय हे गृहस्थ खाऊन टाकतात, अशी त्यांची थट्टाही होई! पण ही एक मिरची स्वयंपाकघरात न्यायला त्यांचा हात धजेना. त्यांनी ती नरसाळ्यात ठेवली. पाहताक्षणी जागा पटली, प्रकाश पटला. सहा मिनिटे भिंग उघडे ठेवून त्यांनी छायाचित्र घेतले. पूर्वतयारीला काही क्षणच लागले. कारण, त्यांनीच नोंदवल्याप्रमाणे, खरी तयारी आधीच्या कित्येक तासांत होऊन गेली होती.

हेच ते 'मिरची क्रमांक ३०' या नावाने जगभर ओळखले जाणारे छायाचित्र. त्यात मिरचीशिवाय दुसरे काहीही नाही. तरी पाहणारा थबकतो. रोज बाजारात दिसणारी वस्तू आपण आजवर नीट पाहिलीच नव्हती, असे त्याला वाटते.

आता विचार करा. ती सहा मिनिटे कोठून आली? नशिबाने ती आणून दिली, असे म्हणता येईल का? नरसाळे घरात आधीही होते आणि मिरचीही होती. फरक पडला तो पाहणाऱ्यात. काल काय फसले, हे वेस्टन यांना ठाऊक होते. कारण ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते. आपले काम कागदावर मांडले, की ते आपल्याला थोडे दुरून दिसते. 'छान झाले' एवढे लिहून वहीचे पान भरत नाही. का छान झाले, कोठे कमी पडले, हे शोधावेच लागते. असा शोध रोज घेतला, की नजरेला वळण लागते.

वेस्टन यांना यश एका दिवसात मिळाले नाही. १९३७ साली गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवणारे ते पहिले छायाचित्रकार ठरले. पुढे कंपवाताने त्यांचे हात थरथरू लागले. १९४८ नंतर त्यांना नवे छायाचित्र घेता आले नाही. १ जानेवारी १९५८ रोजी कार्मेल येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या रोजनिशीचे दोन खंड १९६१ व १९६६ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी त्यांनी पाने पुन्हा तपासून बऱ्याच जणांची नावे ब्लेडने कापून काढली होती. आपण मन मोकळे केले, म्हणून दुसऱ्याचे मन दुखावण्याचा हक्क मिळत नाही, ही गोष्टही रोजनिशी लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावी.

आज मोबाइलमुळे छायाचित्र काढायला ना फिल्म लागते, ना पैसे. एका दिवसात शंभर छायाचित्रे निघतात आणि दुसऱ्या दिवशी ती विसरली जातात. त्यांतले एकच निवडून त्याखाली चार ओळी लिहिल्या तर? कॅमेरा नसला तरी अडत नाही. घरातली चहाची किटली, दारातली चप्पल, पाटीतले एखादे लिंबू, काहीही चालेल. सकाळी ती वस्तू कशी दिसते, संध्याकाळी तिची सावली कोठे पडते, हे पाहून लिहा. पहिल्या दिवशी दोन ओळींत सगळे संपेल. सातव्या दिवशी वहीचे पान पुरणार नाही. वस्तू तीच असेल, पाहणारे डोळे मात्र बदललेले असतील.

शब्दार्थ
पारखी – अचूक ओळखणारी
चणचण – टंचाई, कमतरता
खंड पडणे – मध्येच थांबणे
नरसाळे – बाटलीत तेल ओतण्याचे निमुळते साधन
धजणे – धीर होणे
कंपवात – हातपाय थरथरण्याचा आजार

स्वाध्याय

प्र. १. एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वेस्टन यांना पहिला कॅमेरा कोणी दिला?
(आ) वेस्टन रोजनिशी केव्हा लिहीत?
(इ) मिरचीचे छायाचित्र घेताना भिंग किती वेळ उघडे होते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) स्टुडिओच्या कामात वेस्टन यांचे मन रमत नव्हते.
(आ) वेस्टन यांनी रोजनिशीतील नावे कापून काढली.

प्र. ३. 'खरी तयारी आधीच्या कित्येक तासांत होऊन गेली होती.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत पाच-सहा ओळींत लिहा.

प्र. ४. 'रोज'प्रमाणे मराठीत व उर्दूत सारखे असलेले पाच शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : घरातील एक वस्तू निवडा. सात दिवस तिचे निरीक्षण करून रोज चार ओळी लिहा. पहिल्या आणि सातव्या दिवसाचे लेखन वर्गात वाचून दाखवा.